योंगालावर मोठा प्राणी समोर आला तर काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून तुम्ही दोघं नवरा-बायको ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला येताय. दोघांकडे स्कूबा डाइव्हिंगच्या पुढच्या टप्प्याचं, अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटरचं कार्ड आहे. तारकर्ली, गोव्याचं ग्रांडे बेट आणि अंदमान मिळून प्रत्येकी तीसेक डाइव्ह झाल्या आहेत. एक दिवस योंगाला या बुडालेल्या जहाजावर काढायचा आहे. तिथे माणसापेक्षा मोठे मासे, बुल शार्क, पाकटं आणि समुद्रसाप असतात असं वाचलंय. यातलं काही समोर आलं तर नेमकं काय करायचं? आणि पत्नीला सापांची भीती आहे, तर तिने यावं का?

यावं, जरूर यावं. पण नीट समजून यावं, म्हणून जरा लांब लिहितो.

मी मूळचा मालवणचा. अकरा वर्षं या जहाजावर लोकांना घेऊन जातोय. इतक्या वर्षांत माझ्याबरोबरच्या कुणालाही प्राण्याने इजा केलेली नाही. घाबरवून सोडणारे प्रसंग मात्र आले, आणि त्या प्रत्येकात सुरुवात सारखीच होती. माणसाला काहीतरी प्रचंड दिसलं आणि पुढची दोन मिनिटं तो बाकी सगळं विसरला. किती खोल आहोत, टँकमध्ये हवा किती उरलीय, बडी (डाइव्हमधला जोडीदार) कुठे आहे, पाणी कुठे ओढतंय, सगळंच. प्रत्येक प्राण्याविषयी पुढे सांगतोच, पण वाचताना ती दोन मिनिटं डोक्यात ठेवा.

आधी जागा समजून घ्या. एसएस योंगाला हे १०९ मीटर लांबीचं प्रवासी जहाज. १९०३ साली इंग्लंडमध्ये बांधलं. २३ मार्च १९११ च्या रात्री मॅके ते टाउन्सविल या टप्प्यात ते चक्रीवादळात सापडलं आणि १२२ माणसांसह बुडालं. एकही वाचला नाही. मॅके बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात वादळाचा इशारा किनाऱ्यावर पोचला होता, पण जहाजावर वायरलेस बसवलेला नव्हता, त्यामुळे तो कळवायचा कसा? किनाऱ्याला लागला तो एका शर्यतीच्या घोड्याचा देह आणि थोडाफार माल. जहाज सापडायला १९५८ उजाडलं. आत अजून माणसांचे अवशेष आहेत. म्हणून जहाजाच्या आत शिरायला आणि कशालाही हात लावायला कायद्याने बंदी आहे, आणि परवानगीशिवाय तिथे बोटही नेता येत नाही. आत शिरलेल्या डायव्हरचे बुडबुडे छताखाली साठून लोखंड लवकर गंजतं, हे बंदीचं आणखी एक कारण. मला स्वतःला पहिलं कारणच पुरेसं वाटतं. ती एक दफनभूमी आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत.

जहाज उजव्या कुशीवर कललेलं आहे. वरची बाजू साधारण १५ मीटरवर, तळाची वाळू २८ ते ३० मीटरवर. चहूबाजूंनी नुसती सपाट वाळू, कित्येक किलोमीटर. अशा माळरानावर एकच वडाचं झाड असलं तर काय होईल? सगळी पाखरं तिथेच उतरतील. इथेही तसंच झालंय. लोखंडावर मऊ प्रवाळ आणि शिंपले वाढले, त्यांच्या आडोशाला लहान मासे आले, लहानांमागे मोठे आले. शिवाय उंच कुशीमुळे करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, अडतो आणि मागे शांत पाण्याचा खिसा तयार होतो, तिथे अवजड प्राण्यांना फारसे कष्ट न घेता थांबता येतं. उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर ३० ठिकाणांचा एक अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही नैसर्गिक खडकांपेक्षा बुडालेल्या जहाजांवर मोठे शिकारी मासे जास्त दाटीने आढळले, विशेषतः उंच उभ्या जहाजांवर. तेव्हा योंगालावर मोठा प्राणी दिसला तर तो अपघात समजू नका. तुम्ही त्याच्या घरी गेला आहात.

आता एकेक घेतो.

सगळ्यात आधी बहुतेक ग्रोपर भेटेल. आपल्याकडे गोबरा किंवा हेकरू म्हणून जो मासा बाजारात येतो, त्याच कुळातला हा राक्षस. याची लांबी २.७ मीटरपर्यंत आणि वजन ४०० किलोपर्यंत जाऊ शकतं. क्वीन्सलँडमध्ये तो संरक्षित आहे, त्यामुळे माणसाला भ्यायचं त्याला कारण उरलेलं नाही. तो तुमच्याकडे सरळ येईल, दोन हातांवर थांबेल आणि डोळा फिरवून बघत राहील. मालवणात आजोबांच्या होडीत मी हातभर गोबरे पाहिले होते. इथे पहिल्यांदा याचं डोकं पाहिलं तेव्हा ते माझ्या छातीपेक्षा रुंद होतं, आणि मी श्वास धरून ठेवला. डाइव्हिंगमधला पहिला नियमच हा की श्वास कधी धरायचा नाही. घाबरलं की शरीर नेमकं तेच करतं. फुप्फुसं भरलेली राहिली की माणूस आपोआप वर तरंगू लागतो, आणि तसंच वर जात राहिलं तर फुप्फुसांना इजा होते. म्हणून ग्रोपर दिसताच पहिलं काम एकच: लांब, संथ उच्छ्वास. तो सोडताना बुडबुड्यांचा आवाज होतो, त्याने मासाही थोडा मागे सरकतो.

मग जागेवर थांबा. हात अंगाशी ठेवा, बोटं पुढे करू नका. तो तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. खेकडे, लहान शार्क, पाकटांची पिल्लं, सगळं त्याला चालतं. हलणारी बोटं त्याला काय वाटतील याची परीक्षा आपण घेऊ नये. तोंड आ करून, पंख ताठ करून तो थरथरला तर तुम्ही जास्त जवळ आहात असा अर्थ. सावकाश मागे सरा, त्याच्याकडे तोंड ठेवूनच. आणि कुणीही, कितीही अनुभवी असला तरी, माशांना खाऊ घालत असेल तर त्याच्याजवळ थांबू नका. हाताने खायची सवय लागलेला मोठा मासा मला शार्कपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

आता समुद्रसाप. पत्नीसाठी हा भाग सविस्तर लिहितो.

योंगालावर दिसतो तो मुख्यतः ऑलिव्ह समुद्रसाप. जाड, तपकिरी-हिरवट, कधीकधी दीड मीटरहून लांब. त्याचं विष खरोखर जहाल आहे, ते कमी करून सांगण्यात अर्थ नाही. पण तो माणसाला चावायला शोधत नसतो. त्याची नजर बेताची असते. समोर काय आहे ते तो जिभेने चाचपून ठरवतो, म्हणून जवळ येतो. हिवाळ्यात, म्हणजे इथल्या मे ते ऑगस्टच्या सुमारास, नर माद्यांच्या शोधात फिरतात आणि तेव्हा असं जवळ येणं वाढतं. तुम्ही नेमके त्याच काळात येताय. २०२१ मध्ये याच जातीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातलं अनुमान असं की अंगावर येणारे नर बऱ्याचदा डायव्हरला मादी समजत असावेत. मादी पळते आणि नर पाठलाग करतो, हा त्यांचा प्रणयाचा क्रम. डायव्हर घाबरून पळाला की नराच्या लेखी तो मादीसारखाच वागला, आणि पाठलाग आणखी जोरात होतो. काही नर तर डायव्हरच्या फिनला (पायात घालायच्या पंखाला) विळखा घालतात.

यातून काय करायचं ते उघड आहे. पळू नका. लाथ मारू नका, हाताने ढकलू नका. पाय जवळ घेऊन स्थिर राहा आणि त्याला फिन, टँक, मास्क, जे तपासायचं ते तपासू द्या. दहा-पंधरा सेकंदांत तो निघून जातो. ते दहा सेकंद फार मोठे वाटतात, हे मला ठाऊक आहे. मी घाबरणाऱ्यांना बोटीवर एक गोष्ट करायला लावतो: डोळे मिटून पंधरापर्यंत सावकाश मोजायचं, दर पाच आकड्यांना एक उच्छ्वास. पाण्यात साप आला की तेच मोजायचं, डोळे उघडे ठेवून. पत्नीला घरीच, सोफ्यावर बसून हा सराव करू द्या. शिवाय समुद्रसापाला हवेसाठी वर यावं लागतं. वर जाणारा किंवा खाली परतणारा साप दिसला तर त्याच्या वाटेत येऊ नका, एवढं पाळलं तरी निम्म्या भेटी टळतात.

समजा चावलाच, तर हे आधीच माहीत असू द्या. समुद्रसापाचा दंश अनेकदा जवळजवळ दुखतच नाही, त्यामुळे ‘काही झालं नाही’ म्हणून लोक गप्प बसतात. अंग दुखणं, पापण्या जड होणं, गडद लघवी ही लक्षणं उशिरा येतात. म्हणून दंशाचा नुसता संशय आला तरी डाइव्ह संपवून नियमाप्रमाणे वर यायचं, बोटीवर लगेच सांगायचं, हालचाल बंद करायची आणि संपूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट दाबपट्टी बांधून तो स्थिर ठेवायचा. जखम कापायची नाही, चोखायची नाही. पुढचं काम रुग्णालयाचं.

पाकटांचं वेगळं. जहाजाच्या तळाशी, वाळूवर, गाडीच्या टपाएवढी पाकटं पडून असतात. आपल्या कोळ्यांना त्यांच्या काट्याची दहशत असते आणि ती रास्त आहे. काटा शेपटीवर असतो आणि तो फक्त बचावाला वापरला जातो. पाकटाला वरून सावली पडलेली अजिबात आवडत नाही, कारण त्याच्यावर हल्ला करणारा शार्क वरूनच येतो. २००६ मध्ये याच राज्यात, उथळ पाण्यात चित्रीकरण करताना स्टीव्ह अर्विन यांचा मृत्यू पाकटाचा काटा छातीत घुसून झाला. मी तेव्हापासून एक गोष्ट कटाक्षाने पाळतो: पाकटाच्या वरून कधीही पोहायचं नाही आणि त्याची मोकळ्या पाण्याकडची वाट अडवायची नाही. बाजूने, त्याच्या डोळ्याला दिसेल असं, आणि तीन-चार मीटर राखून. वाळूवर टेकायची सवय असेल तर ती इथे सोडून द्या. टेकण्याआधी खाली काय आहे ते बघितलं नाही तर वाळूत दडलेल्या पाकटावरच बसाल. हातापायाला काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्याने वेदना बरीच उतरते. छातीत किंवा पोटात घुसलेला काटा मात्र कधीही उपसायचा नाही.

बुल शार्क. तो बहुतेक वेळा जहाजापासून दूर, निळ्या पाण्याच्या कडेला येऊन जातो. जाड मान, बोथट तोंड, काहीसा सावकाश. दिसला तर आनंद माना. जहाजाच्या कुशीकडे पाठ करा, बडीला चिकटून उभे राहा आणि नजर त्याच्यावर ठेवा. शार्क बघणाऱ्याच्या मागून येणं पसंत करतो, म्हणून दोघांनी मिळून सगळीकडे बघायचं. तो एकदम झटक्याझटक्याने पोहू लागला, पाठ कमानीसारखी करून छातीचे पंख खाली वळवले, तर डाइव्ह संपवायची. हा इशारा ग्रे रीफ शार्कमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतो. बाकी जातींत तितका ठळक नसतो, पण हालचालीतला अचानक बदल कुठल्याही शार्कमध्ये गांभीर्यानेच घ्यावा. सुरक्षित वर जायचं म्हणजे मूरिंगच्या (बोट बांधायच्या) दोरीने, नेहमीच्या वेगाने. धावत वर गेलात तर शार्कपेक्षा मोठं संकट ओढवून घ्याल.

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या दोन मिनिटांकडे येतो.

काही वर्षांपूर्वी एक चांगला डायव्हर माझ्याबरोबर होता, शंभराच्या वर डाइव्ह झालेला. जहाजाच्या मागच्या टोकाला मांटा आला. मांटा म्हणजे अवाढव्य पाकट, तरंगतं छप्परच, त्याला कुणी भिऊ नये. पण तो सुंदर असतो, आणि सौंदर्यही भीतीइतकंच भान हरपवतं. हा मांटाच्या मागे निघाला, करंटच्या दिशेने. मी टँकवर ठोकलं, त्याने ऐकलं नाही. जहाज नजरेआड झाल्यावर तो वळला तेव्हा परत यायला समोरून करंट होता. एका जागी पाय मारत त्याने हवा जवळजवळ संपवली आणि शेवटी मोकळ्या पाण्यात, दोरीशिवाय वर आला. बोटीने त्याला शोधून काढलं ते त्याने वर सोडलेल्या नारिंगी एसएमबीमुळे, म्हणजे पाण्यावर उभ्या राहणाऱ्या खुणेच्या फुग्यामुळे. ती नसती तर लाटांमध्ये एक डोकं शोधायला किती वेळ लागला असता, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

त्यामागचं गणित साधं आहे. २८ मीटरवर दाब ३.८ बार. पाण्याच्या पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला तिथे ७६ लिटर लागते. घाबरून किंवा जोर लावून श्वास दुप्पट झाला की १५२. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भरलेल्या टँकमध्ये साधारण २२०० लिटर असतात, म्हणजे पूर्ण टँकही चौदा-पंधरा मिनिटांत रिकामा. शिवाय साध्या हवेवर ३० मीटरला विना-डीकंप्रेशन मर्यादा, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता तिथे राहता येईल तो वेळ, २० मिनिटांच्या आसपास. म्हणून माझा आग्रह: येण्याआधी नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, कोर्स करा. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणावर हे जहाज पूर्ण आवाक्यात येतं आणि वेळ वाढतो. आणि एक सवय लावून घ्या, माझे सगळे विद्यार्थी ती करतात: मोठा प्राणी दिसला की आधी गेज (हवा आणि खोली दाखवणारा मीटर), मग बडी, मग प्राणी. तीन सेकंदांचं काम. प्राणी तेवढ्यात गेला तर जाऊ द्या, योंगालावर दुसरा येतो. पाठलाग कुणाचाही करायचा नाही. जहाजाच्या आडोशाला शांत थांबलेल्या माणसाजवळ प्राणी स्वतः येतात. सगळ्यात जवळच्या भेटी मला अशाच मिळाल्या आहेत.

पाण्याखाली मास्कमधून वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. दोन मीटरचा शार्क पावणेतीनचा वाटतो. भीतीने उरलेलं वाढवू नका.

कासवांबद्दल एकच: ते वर श्वासाला निघालं असेल तर फोटोसाठी त्याच्यावर घिरट्या घालू नका.

ऑगस्टची एक खास गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तेव्हा हंपबॅक व्हेल या किनाऱ्याने जात-येत असतात. बोटीने त्यांच्यापासून किमान १०० मीटर राहायचं असतं, आणि पाण्याखाली ते क्वचितच दिसतात. पण ऐकू येतात. जहाजाच्या कुशीजवळ श्वास सोडून दोन क्षण शांत राहा. बुडबुडे विरले की दुरून एक लांब कण्हल्यासारखा सूर येतो, मग त्याला वरचा. छातीत जाणवतो तो. खाली १२२ माणसांचं जहाज आणि वरून तो सूर. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला मास्कच्या आत पाणी आलं होतं.

तुम्ही पुढे इतर जहाजांवर जाल, तर प्रत्येक जागेचा प्राणी वेगळा. उत्तर कॅरोलायनात १९४२ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या कॅरिबसीसारख्या जहाजांवर सँड टायगर शार्क घोळक्याने तरंगत असतात. बाहेर आलेल्या दातांमुळे भयंकर दिसतात, स्वभावाने थंड. ते वर येऊन हवा गिळतात आणि पोटात साठवून अधांतरी स्थिर राहतात. अंगावर अचानक गेलात तर शेपटीचा बंदुकीसारखा आवाज काढून निसटतात. फ्लोरिडातल्या जहाजांवर ऑगस्ट ते ऑक्टोबर गोलायथ ग्रुपर विणीसाठी जमतात. त्यांचा ढोलासारखा दणका अंगातून जातो. ग्रांडे बेटाजवळचं सुझीज रेक हे बुडालेलं जहाज तुम्ही केलंच असेल, तिथे लहान गोबऱ्यांवर वरच्या सगळ्या सवयी घोटून घ्या. नौदलाची निवृत्त नौका आयएनएस गुलदार निवतीजवळ बुडवून कृत्रिम प्रवाळ उभारण्याची महाराष्ट्राची योजना आहे. ती मनासारखी पार पडली तर काही वर्षांनी आपल्याच किनाऱ्यावर मोठे गोबरे दिसतील, आणि तेव्हा हे सगळं मालवणच्या पोरांना शिकवायला मला परत यायचं आहे.

शेवटी नियोजनाचं. टाउन्सविलहून लांबचा बोटप्रवास करण्यापेक्षा एअर गावाजवळच्या अल्वा बीचवरून निघा, अर्ध्या तासात पोचता. वारा जोरात असेल तर फेरी रद्द होते, म्हणून हाताशी एक-दोन दिवस जादा ठेवा. पाणी २२-२३ अंश असतं, ५ मिलिमीटरचा सूट घ्या. स्वतःची एसएमबी आणि रीळ आणा आणि ती १५ मीटरवरून सोडायचा सराव अंदमानातच करून या. पहिल्या डाइव्हला तळाला जाऊ नका, वरच्या कुशीवर २० मीटरच्या आत राहा; ग्रोपर आणि कासवं तिथेही येतात. पत्नीला सापांची धास्ती असेल तर बोटीवर आधीच सांगा, डाइव्ह मास्टर तिच्या बाजूला राहील. हे सांगण्यात कमीपणा नाही, उलट आम्हाला मदत होते. आणि दोन डाइव्हनंतर विमान किमान १८ तास टाळायचं आहे. तो मोकळा वेळ टाउन्सविलच्या सागरी संग्रहालयात घालवा. योंगालावरून आणलेल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. जहाज पाहून आल्यावर त्या बघायला जास्त वेळ लागतो, म्हणून सकाळीच जा.